झबल्याचा फर्मा

आमच्या मुखेडच्या घराला आत दोन खोल्या आणि पुढं अप्पांचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक पायमशीन, कापड कापायचा लाकडी फळा आणि भिंतीतल्या खिळ्यांना टांगलेले फर्मे. कापडावर खडूनं रेघ मारायच्या आधी वर जो कागदाचा नमुना ठेवतात, त्याला आमच्याकडं फर्मा म्हणायचे. शर्टाच्या पाठीचा वेगळा, बाहीचा वेगळा, पोलक्याचा वेगळा. जाड कागद दिसला की अप्पांचा हात शिवशिवायचा. लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, मिठाईच्या डब्यांची झाकणं, कशाचाही फर्मा व्हायचा. अव्वा, म्हणजे आमची आई, करवादायची, "एक पत्रिका धड ठेवत न्हाई हा माणूस. लगीन कव्हा हाय ते आता बाहीत बघावं लागंल." अप्पा तोंडात टाचण्या धरून हसायचे. तोंडात टाचण्या असताना हसणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

आम्ही तिघं भावंडं. थोरली महानंदा, तिला आम्ही अक्काच म्हणायचो. मग मी, शांता. आणि माझ्यानंतर सात वर्षांनी, नवसानं झालेला शिवू. तो पाच-सहा महिन्यांचा असतानाच पांढरा पडायला लागला. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. अव्वा रोज सकाळी त्याला दारात उजेडाला न्यायची आणि त्याची नखं बघायची. नखं पांढरी दिसली की चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागायची, आणि त्या दिवशी भाकरी इतक्या जोरानं थापल्या जायच्या की बाहेर मशीनवर अप्पांना कळायचं. मग ते मशीन थांबवून विचारायचे, "उद्या जायाचं का?" म्हणजे नांदेडला. रक्त भरायला.

रक्त कमी आहे म्हटल्यावर गावात वैदांना तोटा नव्हता. शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, लोखंडाच्या कढईत मेथी शिजवून घाला. कुणी सांगितलं गूळ-शेंगदाणे, कुणी खजूर, कुणी डाळिंब. अव्वानं सगळं केलं. येसराच्या आमटीतसुद्धा तापवलेला खिळा विझवायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ, त्याची घट्ट आमटी आमच्याकडं लग्नाकार्याला असते, शिवूला ती फार आवडायची. पुढं नांदेडच्या डॉक्टरबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, त्याच्या अंगात लोखंड कमी नाही, ते जास्त साचतंय, बाटलीगणिक साचतंय, ते काढायचं कसं हीच पंचाईत आहे. अव्वा घरी आली, लोखंडी कढई माळ्यावर टाकली, आणि दोन दिवस जेवली नाही. चार वर्षं आपण लेकराला विष चारलं, असं तिनं मनाला लावून घेतलं ते कायमचं. आज मला वाटतं, त्या बिचारीनं जे केलं ते न कळून केलं. न कळून केलेल्याला माफी असते.

मुखेडहून कंधारमार्गे नांदेड. एसटीच्या खिडकीशी शिवू, शेजारी मी. दहावीत गेल्यापासून त्याला न्यायचं काम माझ्याकडं आलं होतं, कारण अव्वाला तिथं रडू आवरायचं नाही आणि अप्पांचं दुकान. फडक्यात धपाटे बांधलेले, वर शेंगदाण्याची चटणी. जाताना शिवू झोपलेला असायचा, गालाला रंग नाही, ओठ पांढुरके. येताना मात्र त्याची टकळी चालू. कंधारचा किल्ला दिसला की कंडक्टरला विचारायचा, "आत राजा हाय का अजून?" कंडक्टर म्हणायचा, "हाव, जेवाया बसलाय." रक्त चढलं की पोरगं पुन्हा पोरगं व्हायचं. तीन-साडेतीन आठवडे. मग पुन्हा नखं पांढरी.

गावात कुणालाच खरं माहीत नव्हतं. अप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कावीळ आहे, उतरत नाही, त्यानंच रक्त कमी पडतं. आम्हालाही ताकीद होती. "घराण्यात रक्ताची खोड हाय असं एकदा झालं की दोन्ही पोरी घरात बसतील," ते म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं. अक्काला देगलूरकडचं एक स्थळ आलं होतं, चांगलं, मुलगा शाळेत मास्तर. त्यांनी कुठून तरी ऐकलं, भाऊ सारखा दवाखान्यात असतो म्हणे. त्यांच्याकडून पुन्हा निरोप आला नाही. तेव्हा अप्पांनी ठरवलं, बाहेर द्यायचंच नाही. अव्वाचा धाकटा भाऊ उदगीरला होता, बसूमामा. मोटारी रिवायंडिंगचं दुकान, वयानं अक्काहून सात वर्षांनी मोठा, स्वभाव देवासारखा. मामाला भाची देणं आमच्याकडं काही नवं नाही, मामाचा तो हक्कच समजतात. "घरातली पोरगी घरात. तिथं कोण इचारायला येतंय, भावाला काय झालंय म्हणून?" अप्पा म्हणाले. ज्या दुखण्याला घाबरून त्यांनी बाहेरची दारं लावून घेतली, ते दुखणं ज्या एका घरात बसलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच घरात ते लेक देत होते. हे मी आज वर्गात शिकवल्यासारखं लिहिते आहे. तेव्हा घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

अक्का तर हरखूनच गेली होती. तिला बसूमामा लहानपणापासून आवडायचा. मी चिडवायची, "अक्के, आता हाक काय मारशील? अहो मामा?" ती माझ्या पाठीत धपाटा घालायची. सातवीत शाळा सुटलेली, दिवसभर अप्पांच्या दुकानात काज-बटणं करायची, आणि गुणगुणायची. मला तिचं ते गुणगुणणं आवडायचं, आणि रागही यायचा, कारण मला बीजगणित करायचं असायचं.

लग्नाला महिना-सव्वा महिना असताना शिवूला रक्त लागलं. त्या वेळी बसूमामा म्हणाला, या खेपेला मी देतो, आता तर मी जावई. आम्ही चौघं गेलो, मामा, अक्का, मी आणि शिवू. मामाचा दंड बघून तिथली नर्स हसली, म्हणाली, असे दोन असले तर आमची काळजी मिटेल. पण बोटातलं रक्त तपासलं आणि घेतलं नाही. कमी भरलं. एवढा मोटारी उचलणारा गडी, आणि रक्त कमी! मामा लाजला, "च्या पिऊन येतो" म्हणून बाहेर गेला. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, हे तुमचे कोण. मी सगळं सांगितलं, मामा आहे, अक्काशी लग्न ठरलंय. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मामाला परत बोलावलं आणि अक्काचं, मामाचं, माझं, तिघांचं थोडं थोडं रक्त घेतलं. हैदराबादला तपासायला जाईल म्हणाल्या.

अक्का शिवूपाशी बसली होती. बाईंनी मला एकटीला आत घेतलं, कारण दर खेपेला प्रश्न विचारून त्यांचं डोकं मीच खायची. "वडील काय करतात तुझे?" शिलाई, मी म्हणाले. "मग फर्मा माहीत असेल." आणि त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. रक्ताचा लाल रंग ज्यानं येतो ते शरीर फर्म्यावरून कापतं. प्रत्येकाकडं त्याचे दोन फर्मे, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. कुठल्या तरी पिढीत एका फर्म्याला कात्री चुकून लागली. तो चुकलेला फर्मा तसाच पुढच्यांच्या हाती पडत गेला. एक चुकलेला आणि एक चांगला असला तर माणसाचं निभतं, फार तर रक्त थोडं कमी भरतं. तुझी आई तशी, वडील तसे. पण दोघंही तसे असले की दर मुलाला चारात एक वेळ दोन्ही चुकलेले मिळतात. शिवूला ते मिळाले. चारात दोन वेळा एक चुकलेला, आणि चारात एक वेळ दोन्ही चांगले. "पहिल्यात एक झाला म्हणजे पुढचे तीन सुटले असं नाही, हं. दर वेळी नव्यानं." मग म्हणाल्या, "रिपोर्ट आल्याशिवाय अक्षता पडू देऊ नका. हे तू घरी सांग. सांगशील ना?" मी मान हलवली. घरी आल्यावर मी अप्पांना एवढंच सांगितलं की तपासायला घेतलंय, रिपोर्ट यायचा आहे. अक्षतांचं बोलले नाही. म्हटलं, रिपोर्ट तर येऊ दे.

पुढच्या खेपेला मी आणि शिवूच गेलो. लग्नाला बारा दिवस होते. डॉक्टरबाई रजेवर होत्या, तिथूनच पुढं त्यांची बदली झाली. खिडकीतल्या माणसानं पाकीट दिलं. आत तीन जाड कागद, इंग्रजीत टाइप केलेले. शिवूला रक्त चढत होतं तेवढ्या वेळात मी ते वाचले. माझा चांगला होता. अक्काचा आणि मामाचा नव्हता. खाली दोन्हींवर तोच शब्द होता जो शिवूच्या फाइलवर होता, फक्त त्याच्यापुढं आणखी एक शब्द, की यांना त्रास नाही, पण यांच्यात आहे. दोनदा वाचले. तिसऱ्यांदा आकडे वाचले. आकडे काही बदलत नाहीत.

एसटीत बसल्यावर मी ठरवलं होतं की सांगायचं. कंधारपर्यंत तरी ठरवलं होतं. शिवू विचारत होता, राजाचं जेवण झालं का, आणि मी त्याला गप्प बस म्हणाले, तो बिचारा गप्प बसला. कंधारला गाडी थांबली आणि मला दुसराच विचार आला. तो आता लिहिते. पन्नाशी केव्हाच उलटली, अजून किती दिवस लपवायचं. अप्पांनी मला शब्द दिला होता, अक्काचं लग्न झालं की तुला लातूरला अकरावीला घालतो, सायन्सला. माझी पत्र्याची पेटीसुद्धा आणून ठेवली होती, निळी. हे लग्न मोडलं तर अक्का घरात बसणार, तिच्यासाठी नव्यानं स्थळं, आणि माझं लातूर गेलं. मी स्वतःशी म्हणत होते, अक्काचं मन मोडेल, अव्वा खचेल, अप्पांची अब्रू जाईल. ते सगळं खरं होतं. पण डोळ्यांपुढं ती निळी पेटी होती.

घरी पोचले तर ओट्यावर कासारीण बसलेली, अक्काच्या हातात हिरव्या बांगड्या चढत होत्या. चार बाया भोवती, हसणं-खिदळणं. अक्कानं मान वर केली. "आलीस? काय म्हनले गं डाक्टर?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "समदं ठीक हाय."

"खरंच?"

"हाव. तुझं-माझं सारखंच हाय."

अप्पांनी कागद मागितला. मी त्यांना माझा दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तो उजेडाला धरून पाहिला, कागद किती जाड आहे ते बोटांनी चाचपलं, आणि "शिवा शिवा, सुटलो" म्हणून परत दिला. बाकीचे दोन मी दुपारी सगळे झोपल्यावर फर्म्यांच्या गुंडाळीत सारले, भिंतीकडच्या कोपऱ्यात, जुन्या कोटाच्या फर्म्यांमध्ये. फाडले का नाहीत? मला माहीत नाही. नंतर सांगू, असं काहीतरी मनात असावं. माणूस खोटं बोलतो तेव्हा खरं कुठं तरी जवळच ठेवून देतो.

लग्न थाटात झालं. येसराच्या आमटीवर लोक तुटून पडले. शिवूला नवी टोपी घातली होती, तो नवरदेवाच्या मांडीवर बसून पेंगत होता. मी सगळ्यांत जास्त नाचले, असं अव्वा पुढं सांगायची.

लातूरला जायच्या आदल्या दिवशी मी गुंडाळी उघडून पाहिली. कागद नव्हते. अप्पांनी कचरा म्हणून टाकले असतील, असं वाटलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. लातूरचं वसतिगृह, पाण्याची रांग, पहाटेच्या शिकवण्या, याचं मी दुसरीकडं लिहिलंच आहे. शिवू मी बारावीत असताना गेला. आणि अक्काला त्याच वर्षी मुलगी झाली, गौरी. बाळंतपण मुखेडलाच. मी सुट्टीत गेले तेव्हा गौरी पाच महिन्यांची, अक्का अजून माहेरीच, आणि अप्पा मशीनवर झबली शिवत बसलेले, पिवळी, गुलाबी, एका मापाची सात-आठ. शिवू गेल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते, तोंडात टाचण्या धरून. गौरी गोरीपान होती. सगळ्या बाया म्हणाल्या, काय रंग आहे पोरीचा! मी तिचं बोट हातात घेतलं आणि नख बघितलं. पांढरं दिसलं, तशी मी परसात जाऊन बसले. अव्वाला वाटलं, एसटीचा प्रवास लागला.

गौरी अकरा वर्षं जगली. अक्का आणि मामा उदगीरहून तिला नांदेडला न्यायचे, पुढं हैदराबादलाही. दुसऱ्या खेपेला मात्र पोटात असतानाच तपासून घेतलं, मुलगा झाला, तो ठणठणीत आहे. मी जीवशास्त्राची शिक्षिका झाले, माझंही लग्न झालं, मुलंबाळं झाली. लातूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं दर साली फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला. पाठ्यपुस्तकात उत्परिवर्तन असा भलामोठा शब्द आहे, मी मुलांना फर्म्याचंच सांगायची. मुलांना फार आवडायचं. एका पोरीनं एकदा विचारलं, "मॅडम, तुमच्या ओळखीत कुणाला आहे?" मी म्हणाले, पुढचा प्रश्न.

अक्का गौरीबद्दल फक्त माझ्याशी बोलायची. मामापाशी नाही, तो उठून जायचा. मुलापाशी नाही. अव्वा तर गेली होती. दर दिवाळीला उदगीरला गेले की आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसायचो आणि ती सांगत राहायची, गौरी सुई टोचताना कशी नर्सलाच धीर द्यायची, गौरी कशी म्हणायची की मला लाल शाई भरतेत. "तुला कळतं म्हनून तुझ्याजवळ बोलते, शांते," ती म्हणायची. मी ऐकायची. ते ऐकणं म्हणजे माझी शिक्षा आहे, ती मी भोगते आहे, असं मनाशी म्हणायची. आता वाटतं, कसली शिक्षा, ते तर मला मिळालेलं फुकटचं प्रेम होतं.

अप्पा नव्वदीला टेकून गेले. तेराव्यानंतर दुकान आवरायला आम्ही दोघी मुखेडला राहिलो. अक्का खिळ्यावरचे फर्मे उतरवत होती, एकेक झटकून, वाचून दाखवत. "ही बाही बघ, पाटलाच्या लग्नाची पत्रिका." आम्ही हसत होतो. मग तिच्या हातात एक छोटा फर्मा आला, गळा गोल कापलेला, दोन बाजूंना इवल्या खांद्यांच्या उताराची खडूची रेघ. झबल्याचा.

"गौरीचा हाय हा," ती म्हणाली. तिनं तो छातीशी धरला. मग उलटा करून बघितला. मागं इंग्रजी टाइप होतं.

अक्काला इंग्रजी येत नाही. पण आपलं नाव तिला ओळखता येतं, आणि आणखी एक शब्द. अकरा वर्षं गौरीच्या प्रत्येक फाइलवर, प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर तिनं तो पाहिला होता. तिचं बोट नावावरून खाली सरकलं आणि त्या शब्दापाशी थांबलं. मग कोपऱ्यातल्या तारखेवर गेलं. आकडे तर सगळीकडं सारखेच.

"माझ्या लग्नाच्या आधीचा हाय," ती म्हणाली.

"हाव."

"तूच आनला होतास."

"हाव, अक्का."

"आन् यांचा?"

"त्यांचाही तसाच होता. तो सापडला न्हाई मला पुन्हा."

ती फळ्यावर बसली. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको. आधी मला सांग, हे होतं कसं. नीट सांग. समद्या पोरांला सांगतीस ना, तसं." तिला कुणीच कधी नीट सांगितलं नव्हतं, मीही नाही. मी खाली बसून दोन फर्मे घेतले, बाहीचे, आणि डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं तसं तिला सांगितलं. एक आईचा, एक वडिलांचा. ती शाळेतल्या पोरीसारखी ऐकत होती, मध्ये मध्ये "हं" म्हणत. संपल्यावर तिनं बोटांवर मोजलं.

"म्हंजे चारातलं एक. तीन वेळा लेकरू जगतंय."

"हाव."

"मग मी लगीन केलंच असतं कदाचित. मला हे आवडायचे, शांते. तिनावर भरवसा ठेवून केलं असतं. न्हाईतर नसतं केलं. न्हाईतर लगीन करून लेकरूच होऊ दिलं नसतं." ती उठली. "पर ते माझं मी ठरवलं असतं ना गं. मला इचारायचं तरी होतंस."

मला म्हणायचं होतं, मी सोळा वर्षांची होते. म्हणायचं होतं, तू बांगड्या भरत होतीस. निळ्या पेटीचं सांगायचं होतं. मी हातातले बाहीचे फर्मे गुंडाळत राहिले.

तिनं तो फर्मा घडी न घालता सपाट आपल्या पिशवीत ठेवला. बाकीचे मी पोत्यात भरले. मग तिनं पिठलं टाकलं, दोन भाकरी केल्या, मला वाढलं, "खा, गाडी लांबची हाय" म्हणाली. स्टँडवर सोडायला आली. ऊन लई हाय म्हणाली. माझ्या मुलांना विचारलंय म्हणून सांग म्हणाली.

याला आता सहा वर्षं झाली. दर दिवाळीला मी उदगीरला जाते. अक्का मला येसराचा डबा भरून देते, पूर्वीसारखाच, झाकणाला फडकं बांधून. आम्ही मागच्या ओट्यावर बसतो. पावसाचं बोलतो, सुनेचं बोलतो, माझ्या गुडघ्यांचं बोलतो. गौरीचं नाव ती माझ्यासमोर घेत नाही.